गाडीला मूळ आलं

सकाळी सहाला, थंड असली की ती बोलते.
चावी फिरवली की आधी खाकरते,
मग टक्, टक्, टक्,
डब्यात सुपारी टाकून कुणी हलवावा तसं.
जरूडच्या फाट्यापर्यंत बोलते.
तापली की गप्प.

अकरा हजार किलोमीटर झालेत फक्त.
सीटांवरचं प्लास्टिक मी अजून पुरतं काढलेलं नाही.
मागे सात पोरी, सात डबे,
आणि पुढे प्रज्ञा तायडे,
कारण मागे बसली की तिला मळमळतं.
तिनंच आधी ऐकलं.
"काकू, गाडी दात खाऊ राह्यली."

अमरावतीच्या शोरूमनं दिवसभर ठेवून घेतली.
मला काचेच्या खोलीत बसवलं, कॉफी दिली.
संध्याकाळी हातात कागद:
आवाज आढळला नाही.
कसा आढळेल?
वरूडहून तिथं पोचेतो ती तापलेली असते,
पाहुण्यांपुढे बसवलेल्या पोरीसारखी शहाणी.

दुसऱ्या खेपेला विचारलं, डिझेल कुठलं भरता?
तिसऱ्या खेपेला, मॅडम, गाडी चालवतं कोण?
मीच, म्हटलं.
पोरगा हसला नाही,
पण काहीतरी लिहून घेतलं त्यानं.

उईके मिस्त्रीनं इंजिनाला पेचकस टेकवला,
मूठ कानाशी धरली, डोळे मिटले.
बराच वेळ.
"बाई, हे जन्माचं हाय. तुमच्या हातचं नाही.
पन मी खोललं तं कंपनी म्हनन, मिस्त्रीनंच बिघडवलं."
पैसे घेतले नाहीत.
आयकाचे काय पैसे, म्हणाला.

बाबा बैल घ्यायचे तेव्हा दात बघायचे,
शेपटी उचलून बघायचे, चार पावलं चालवायचे,
आणि विकणारा स्वतःच सांगून टाकायचा,
पान्याले बुजते बरं का हा.
कारण बाबांना त्याचं गाव ठाऊक असायचं.
माझ्या गाडीचं गाव कोणतं?
सतरा आकडे-अक्षरांचा एक नंबर आहे, दाराच्या आत.

मंगळवारी दुपारी त्या नंबराला मेसेज आला.
अमुक महिन्यात बनलेल्या इंजिनांतली एक रिंग
लवकर झिजू शकते.
वाहन चालता चालता बंद पडू शकते.
कृपया केंद्रात आणावे, भाग मोफत बदलून मिळेल.
तोवर जपून चालवावे.

तोवर.
मी त्या शब्दावर बोट ठेवून बसले.
अचानक बंद पडणारी गोष्ट जपून कशी चालवतात?
बेनोड्याच्या वळणावर मागून संत्र्याचा ट्रक असतो,
रोज, सात वाजून दहा मिनिटांनी.

सासूबाईंनी वाचून घेतलं माझ्याकडून. म्हणाल्या,
"म्हंजे गाडीले माहेराहून मूळ आलं म्हन की."
सगळे हसले. मीही हसले.
मग भांडी घासताना आठवलं,
लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मलाही मूळ आलं होतं.
एसटीत खिडकीशी बसवून भावानं विचारलं होतं,
सासरी बरं हाय ना?
हो, म्हटलं होतं मी.
आवाज आढळला नाही.

शुक्रवारी अमरावतीला माझ्याआधी नऊ गाड्या होत्या.
परतवाड्याचा एक मंडपवाला,
धामणगावचे एक निवृत्त गुरुजी,
मेळघाटातून औषधं नेणारा एक पोरगा.
जो तो तोंडानं आपापल्या गाडीचा आवाज काढून दाखवत होता.
मंडपवाल्याची खर्र खर्र,
गुरुजींची टिच् टिच्, दाढेत काहीतरी अडकल्यासारखी.
प्रत्येकाच्या खिशात तोच कागद, तेच वाक्य.
प्रत्येकाला वाटत होतं, फक्त आपल्यालाच ऐकू येतं.

माझा नंबर आला. तोच पोरगा.
मॅडम, आवाज कसा येतो?
मी काढून दाखवला. अख्ख्या काचेच्या खोलीला ऐकू जाईल इतका.
कॉफी देणारी थांबली.
लिहा, म्हटलं.
त्यानं लिहिलं.

रिंग यायला चाळीस दिवस लागतील.

मी आठही घरी जाऊन सांगून आले.
तिघींचे बाप आता मोटारसायकलवर सोडतात.
प्रज्ञाची आई म्हणाली, तिच्या पप्पाची ड्युटी रातची हाय,
कोन सोडन?
म्हणून ती येते. पुढे बसते.
सहाला मी चावी फिरवते,
आणि आम्ही दोघी आधी ऐकतो.